डॉक्टर ब्राइट यांचा चमचा

थोडी लघवी चमच्यात घ्यायची, चमचा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचा आणि उकळी येऊ लागली की काय होते ते पाहायचे. निरोगी माणसाची लघवी सहसा नितळच राहते. काहींच्या लघवीत मात्र तापताच पांढरट गढूळपणा येतो. तो वाढला तर अंड्यातले पांढरे शिजून घट्ट व्हावे तसा थर धरतो. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या गाय्ज रुग्णालयात डॉ. रिचर्ड ब्राइट अंगावर सूज आलेल्या रुग्णांची लघवी अशी तापवून पाहत. एवढ्याशा तपासणीतून सूज, मूत्रपिंड आणि हृदय यांचा संबंध वैद्यकाच्या लक्षात आला. रक्तदाब मोजण्याचे यंत्र तेव्हा नव्हते, तरी उच्च रक्तदाबाच्या खुणा ब्राइट यांनी पाहिल्या आणि लिहून ठेवल्या. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ मूत्रपिंडाच्या दीर्घ आजाराला डॉक्टर ‘ब्राइटचा आजार’ म्हणत असत.

ब्राइट यांचा जन्म २८ सप्टेंबर १७८९ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला. वडील श्रीमंत व्यापारी होते, बँकेतही भागीदार होते. घरी पैशांची ददात नव्हती, त्यामुळे शिक्षणाच्या मध्येच भटकंतीला निघण्याची चैन या मुलाला परवडली. १८०८ मध्ये तो एडिंबरो विद्यापीठात दाखल झाला आणि १८१० मध्ये सर जॉर्ज मॅकेन्झी यांच्या तुकडीबरोबर चक्क आइसलँडला गेला. या सफरीवर जे पुस्तक निघाले त्यातील वनस्पती आणि प्राण्यांविषयीचा भाग विशीतल्या ब्राइटने लिहिला. परत आल्यावर गाय्ज रुग्णालयात राहून त्याने काम शिकून घेतले आणि १८१३ मध्ये एडिंबरोची एम. डी. पदवी मिळवली.

पदवी हाती पडली तरी पायाची भिंगरी थांबली नाही. नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपचा नकाशा नव्याने आखण्यासाठी व्हिएन्नात राजेरजवाडे जमले होते, त्या वेळी ब्राइट तिथे होते. तिथून ते हंगेरीत उतरले. शेती, गावे, बाजार, रोमा लोकांची भाषा, जे दिसेल ते टिपत गेले. (रोमा भाषेचे मूळ आपल्याच उपखंडातले, पण तो वेगळा विषय.) १८१५ मध्ये परततानाच्या वाटेवर वॉटर्लूची लढाई नुकतीच होऊन गेली होती. ब्रुसेल्समध्ये जखमी सैनिकांनी भरलेली रुग्णालये त्यांनी पाहिली. या प्रवासावरचे त्यांचे जाडजूड पुस्तक १८१८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातली चित्रेही त्यांनीच काढलेली आहेत.

चरित्रकार हा भटकंतीचा भाग सहसा तोंडी लावण्यापुरता सांगतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. जे दिसते ते आधी रेखाटायचे, नोंदवायचे आणि अर्थ लावण्याची घाई करायची नाही, ही सवय ब्राइट यांना आइसलँडच्या लाव्हारसात आणि हंगेरीच्या शेतांत लागली. पुढे वॉर्डात आणि शवविच्छेदनाच्या टेबलाशी ते नेमके हेच करत राहिले.

गाय्ज रुग्णालय थॉमस गाय नावाच्या पुस्तकविक्रेत्याच्या संपत्तीतून गरिबांसाठी उभारलेले. ब्राइट तिथे १८२० मध्ये साहाय्यक फिजिशियन आणि १८२४ मध्ये फिजिशियन झाले. दरम्यान डॉ. बॅबिंग्टन यांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले आणि वर्षभरात, बाळंतपणानंतर, पत्नी वारली. काही वर्षांनी त्यांनी दुसरे लग्न केले. याच काळात त्यांचे दिवसाचे बरेच तास वॉर्डात आणि शवविच्छेदनगृहात जात. थॉमस अ‍ॅडिसन आणि थॉमस हॉजकिन हे त्यांचे तिथले सहकारी. तिघांचीही नावे पुढे एकेका आजाराला चिकटली. एका रुग्णालयात एकाच वेळी अशी तीन माणसे असणे हा योगायोग खरा, पण शवविच्छेदनाची शिस्त नसती तर त्या योगायोगातून फारसे काही निघाले नसते.

त्या काळी अंगावरची सूज हाच एक आजार मानला जाई. पाय सुजतात, पोटात पाणी होते, चेहरा फुगतो, दम लागतो आणि माणूस जातो. कारण विचारले तर कुणी थंडी सांगे, कुणी दारू, कुणी रक्तातला बिघाड. उपाय मात्र ठरलेले: रक्त काढणे, जुलाब देणे, पाणी काढून टाकणे. इटलीतल्या कोतुन्यो यांना सूज आलेल्या एका सैनिकाची लघवी तापवल्यावर गोठते असे १७६० च्या दशकातच दिसले होते. इंग्लंडमध्येही आधी दोघातिघांनी ही गोष्ट नोंदवली होती. पण या तपासणीचे बोट धरून मूत्रपिंडापर्यंत कुणी पोचले नव्हते.

ब्राइट पोचले ते चिकाटीमुळे. सूज आलेला रुग्ण दाखल झाला की त्याची लघवी तापवायची आणि नोंद करायची. रुग्ण दगावला तर शवविच्छेदन करायचे आणि मूत्रपिंडे कापून पाहायची. ज्यांची लघवी चमच्यात गोठली होती त्यांची मूत्रपिंडे पुन्हा पुन्हा बिघडलेली निघाली. कधी मोठी आणि फिकट, कधी आकसलेली, टणक आणि वरून दाणेदार. १८२७ मध्ये त्यांनी हे रुग्ण रंगीत चित्रांसह ग्रंथरूपाने मांडले. त्या चित्रांतले मूत्रपिंड आजही वर्गात दाखवावे इतके हुबेहूब आहे. सूज, लघवीतून जाणारे प्रथिन आणि मूत्रपिंडातला बिघाड या तीन गोष्टी एकाच आजाराच्या आहेत, हे पहिल्यांदा स्पष्टपणे सांगितले गेले.

ब्राइट यांनी रसायनाची बाजू जॉन बोस्टॉक या सहकाऱ्याकडून तपासून घेतली. या रुग्णांच्या लघवीत जे अल्ब्युमिन नावाचे प्रथिन उतरते ते त्यांच्या रक्तात कमी पडलेले असते, आणि लघवीतून बाहेर जायला हवा तो युरिया रक्तातच साचतो, असे आढळू लागले. जे ठेवायचे ते गळते आणि जे टाकायचे ते तुंबते, असा हा उलटा कारभार.

हा कारभार मुळात कसा चालतो ते थोडे समजून घेऊ. पाठीत, कण्याच्या दोन बाजूंना, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. दोन्हींचे मिळून वजन पाव-तीनशे ग्रॅमच्या आसपास. पण हृदयातून निघणाऱ्या एकूण रक्तापैकी जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो, म्हणजे मिनिटाला लिटरभर रक्त. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची गुंडाळी आणि तिला जोडलेली एक लांबट नळी, अशी प्रत्येक गाळणीची रचना. या गाळण्यांतून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते आणि लघवी होते दीड-दोन लिटर. उरलेले सगळे पाणी नळ्या शोषून रक्तात परत पाठवतात.

मिठाचा हिशेब तर आणखी थक्क करणारा आहे. गाळलेल्या पाण्याबरोबर दिवसाला जवळपास दीड किलो मीठ नळ्यांमध्ये उतरते. त्यातले नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक परत घेतले जाते. आपण दिवसभरात आठ-दहा ग्रॅम मीठ खाल्ले तर मूत्रपिंडे तेवढेच बाहेर टाकतात. दीड किलोच्या उलाढालीत दोन ग्रॅमची चूक झाली आणि ती रोज होत राहिली, तर मीठ अंगात साचत जाते. मीठ एकटे राहत नाही, ते आपल्यासोबत पाणी धरून ठेवते. एक लिटर पाणी धरायला साधारण नऊ ग्रॅम मीठ पुरते. पाच लिटर जादा पाणी साठले तरी कित्येकांना बाहेरून फक्त चप्पल घट्ट झालेली जाणवते.

पाणी वाढले की रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो. दाब वाढला की निरोगी मूत्रपिंड जास्त मीठ आणि पाणी सोडते आणि दाब पुन्हा खाली येतो. शरीरात रक्तदाबाची पातळी दीर्घकाळ सांभाळणारी याच्याइतकी भक्कम दुसरी सोय नाही. आजारी मूत्रपिंडालाही दिवसाचे मीठ बाहेर टाकावेच लागते, पण नेहमीच्या दाबावर त्याला ते जमत नाही. मग दाब चढतो आणि चढलेल्या दाबावर हिशेब जुळतो. म्हणजे १६० किंवा १८० चा रक्तदाब ही त्या मूत्रपिंडाने काम चालू ठेवण्यासाठी मोजलेली किंमत असते. ती भरतात हृदय, मेंदू आणि खुद्द मूत्रपिंडातल्या त्याच नाजूक गुंडाळ्या. दाबाने गुंडाळ्या खराब होतात, गुंडाळ्या कमी झाल्या की दाब आणखी वाढतो. हे चक्र एकदा फिरू लागले की आपोआप थांबत नाही.

ब्राइट यांना यातले मीठ-पाण्याचे गणित माहीत नव्हते. पण १८३६ मध्ये गाय्ज रुग्णालयाच्या अहवालात त्यांनी शंभर रुग्णांचा तक्ता दिला आणि त्यात एक विलक्षण गोष्ट नोंदवली. मूत्रपिंडे बिघडलेल्या या माणसांपैकी अनेकांचे हृदय मोठे आणि जाड झालेले होते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या हृदयाच्या झडपा ठीक होत्या. झडपेत अडथळा नाही, मग या हृदयाला एवढे कष्ट कशाचे पडले? ब्राइट यांनी दोन शक्यता मांडल्या. बिघडलेले रक्त हृदयाला थेट चेतवत असेल, किंवा त्या रक्ताचा परिणाम शरीरभरच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर होऊन त्यांतून रक्त पुढे ढकलायला हृदयाला जादा जोर लावावा लागत असेल. दुसरी शक्यता वाचताना आजच्या डॉक्टरला थांबावेच लागते. बारीक रक्तवाहिन्यांतला वाढलेला विरोध आणि त्यापायी जाड झालेले हृदय, म्हणजे उच्च रक्तदाब. मनगटावरच्या बोटांशिवाय हाताशी काही नसताना, मृत रुग्णांच्या हृदयांवरून केलेला हा तर्क आहे.

१८४२ मध्ये त्यांनी आणखी एक नवी गोष्ट केली. गाय्जमधल्या ४२ खाटा सहा महिन्यांसाठी फक्त मूत्रपिंडाच्या रुग्णांकरिता राखून घेतल्या. पुरुषांचा एक कक्ष, स्त्रियांचा एक, आणि शेजारीच लघवी-रक्त तपासायला छोटी प्रयोगशाळा. वॉर्ड आणि प्रयोगशाळा एकमेकांना लागून असावी ही कल्पना आज आपण गृहीत धरतो. तेव्हा ती नवलाची होती.

मात्र उपचारांत ब्राइट आपल्या काळाच्या फार पुढे गेले नाहीत. रक्त काढणे, जुलाब, घाम आणणारी औषधे हेच त्यांच्याही हाती होते. काही रुग्ण सुधारत, बरेचसे परत सुजून येत आणि दगावत. उपचार सापडले नाहीत म्हणून निरीक्षणाचे मोल कमी होते असे समजणाऱ्यांशी मी सहमत नाही, पण त्या वॉर्डातल्या रुग्णांना या शोधाचा थेट फायदा फारसा झाला नाही हेही खरे. १८३७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या मानद वैद्यांत त्यांची नेमणूक झाली, खासगी रुग्णांची रीघ वाढली आणि संशोधन मागे पडत गेले. स्वभावाने शांत, वादांपासून दूर राहणारा हा माणूस १८४० च्या दशकात गाय्जमधून निवृत्त झाला. १६ डिसेंबर १८५८ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्याही देहाची तपासणी झाली. त्यांच्या बाबतीत दोष हृदयाच्या झडपेतच होता, महाधमनीच्या तोंडाशी.

त्यांचा अर्धवट राहिलेला तर्क पुढे नेला तो त्याच रुग्णालयातल्या फ्रेडरिक अकबर महोमेद या तरुण डॉक्टरने. हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. पाटण्यात जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या शेख दीन मोहम्मद यांचा हा नातू, जन्म ब्रायटन येथे १८४९ चा. नाडीच्या लहरी काजळी धरलेल्या कागदावर उमटवणारे उपकरण त्याने सुधारले आणि १८७० च्या दशकात दाखवले की कित्येकांच्या नाडीतला ताण लघवीत प्रथिन दिसण्याच्या आधीपासूनच वाढलेला असतो. म्हणजे प्रत्येक वेळी मूत्रपिंड आधी आणि दाब नंतर असे नाही, उलटेही घडते. वयाच्या पस्तिशीत, १८८४ मध्ये, विषमज्वराने तो गेला. दंडावर पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे इटालियन यंत्र यायला त्यानंतर अजून बारा वर्षे होती.

पुढचे टप्पे भरभर सांगतो. १८९८ मध्ये स्टॉकहोमला टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाच्या शिरेत सोडला, तर त्याचा रक्तदाब चढला. त्या अर्कातल्या पदार्थाला त्यांनी ‘रेनिन’ म्हटले. १९३४ मध्ये अमेरिकेत गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी चिमट्याने थोडी आवळली आणि कायमचा उच्च रक्तदाब निर्माण करून दाखवला. आपल्याला रक्त कमी पडते आहे असे मूत्रपिंडाला वाटले की ते रेनिन सोडते. त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते, ते रक्तवाहिन्या आवळते आणि मूत्रपिंडावरच्या टोपीसारख्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला लावते. अल्डोस्टेरॉन मीठ अडवून धरते. जुलाब-उलट्या झालेल्या किंवा रक्तस्राव झालेल्या माणसाला हीच साखळी जगवते. नको तेव्हा चालू राहिली तर हीच घात करते. ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ या अक्षरांनी संपणाऱ्या नावांच्या ज्या गोळ्या आज लाखो लोक घेतात, त्या या साखळीवरच काम करतात. त्या रक्तदाब उतरवतातच, शिवाय गाळणीतला दाब कमी करून लघवीतून जाणारे प्रथिनही घटवतात. गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम एकदा तपासावे लागते, ते याचसाठी.

सरकारी रुग्णालयात तीसएक वर्षे काढल्यावर मला आजही खटकते ती गोष्ट म्हणजे रक्तदाबाच्या रुग्णाची लघवी तपासायची राहून जाते. रक्ततपासण्यांची भली मोठी फाइल सोबत असते, ईसीजी असतो, सोनोग्राफी असते आणि लघवीचा साधा अहवाल नसतो. आम्ही शिकत असताना परीक्षानळीचा वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा, गढूळपणा आला तर अ‍ॅसेटिक आम्लाचे थेंब टाकायचे, आणि तरीही तो टिकला तर अल्ब्युमिन समजायचे, अशी ब्राइट यांच्या चमच्याचीच सुधारित आवृत्ती होती. आता कागदी पट्टी लघवीत बुडवली की मिनिटभरात पिवळा चौकोन हिरवा होतो. प्रथिन अगदी थोडे जात असेल तर पट्टीला ते कळत नाही, त्यासाठी अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचे प्रमाण पाहणारी तपासणी करावी लागते. मधुमेह असेल तर ती दरवर्षी हवीच. मूत्रपिंडाचा दीर्घ आजार दुखत नाही. सकाळी डोळ्यांभोवती येणारी सूज, लघवीला न मोडणारा फेस, रात्री पुन्हा पुन्हा उठावे लागणे, एवढ्याच त्याच्या खुणा, आणि त्याही उशिरा येतात.

मिठाबाबत दोन समज वारंवार भेटतात. सैंधव किंवा काळे मीठ चालते, हा पहिला. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, त्यामुळे हिशेब तोच. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून कमी मीठ सांगितले आहे. त्यात भाजी-आमटीतले, लोणचे-पापडातले, फरसाण आणि पावातले सगळे आले. बाजारात कमी सोडियमचे म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. ज्यांची मूत्रपिंडे अधू आहेत त्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

दुसरा समज पाण्याचा. भरपूर पाणी प्यायल्याने किडनी धुऊन निघते असे कुणीतरी सांगते आणि पाय सुजलेला माणूस दिवसाला चार-पाच लिटर पाणी पिऊ लागतो. मुतखड्याच्या रुग्णाला जादा पाणी हितकारक आहे, उन्हात राबणाऱ्यालाही. निरोगी माणसाला तहान पुरेशी. पण सूज आलेल्या, लघवी कमी झालेल्या रुग्णाने किती पाणी प्यायचे ते आदल्या दिवसाची लघवी मोजून ठरवावे लागते. आमच्या वॉर्डात त्यासाठी खाटेखाली मापाचे भांडे असते आणि रोज सकाळी उपाशीपोटी वजन केले जाते. एका रात्रीत वजन किलोभर वाढले तर ते चरबीने वाढलेले नसते.